उद्धरणांची मोजणी आणि कमला सोहोनी यांचे संशोधनलेखन : खानदेशातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांत रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाच्या पदोन्नतीच्या प्रस्तावात शोधनिबंधांची यादी ही आज ठरलेली बाब झाली आहे. निबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांत आले, त्या नियतकालिकांचा प्रभावांक किती, अन्य संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, असे प्रश्न त्या यादीच्या आधारे विचारले जातात. एका निबंधाने दुसऱ्या निबंधाचा संदर्भसूचीत केलेला निर्देश म्हणजे उद्धरण. उद्धरणांची संख्या हे संशोधनाच्या प्रभावाचे माप मानण्याची रीत आता इतकी रुळली आहे की, या मापालाही स्वतःचा इतिहास आहे, ते एका विशिष्ट गरजेतून जन्मले आणि त्या गरजेच्या खुणा त्यावर अजून आहेत, याचा सहसा विसर पडतो. प्रस्तुत लेखात या मापाचा उगम थोडक्यात पाहून, एका मराठी जीवरसायनशास्त्रज्ञ स्त्रीच्या लेखनाला ते लावल्यास काय दिसते आणि काय निसटते याचा विचार केला आहे. ती संशोधिका म्हणजे कमला सोहोनी. त्यांची निवड करण्याचे कारण असे की, त्यांचे संशोधन वैद्यकीय जीवरसायन आणि अन्नपदार्थांचे रासायनिक विश्लेषण या दोन्ही क्षेत्रांत पसरलेले आहे. खानदेशातील रसायनशास्त्राच्या व औषधनिर्माणशास्त्राच्या विभागांत चालणारे बरेचसे कामही याच दोन क्षेत्रांच्या सीमेवर मोडते.

महाविद्यालयीन ग्रंथालयातून निघालेली मोजणी

उद्धरणे मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न एका लहान महाविद्यालयात आणि तोही रसायनशास्त्रासाठी झाला, ही गोष्ट महाविद्यालयीन अध्यापकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाचे ग्रॉस आणि ग्रॉस यांनी १९२७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांच्यापुढील प्रश्न अगदी व्यावहारिक होता. मर्यादित निधी असलेल्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेतला, त्यातील ३,६३३ संदर्भ मोजले आणि कोणत्या नियतकालिकाकडे संशोधक किती वेळा वळतात याचे कोष्टक तयार केले. जर्मन नियतकालिकांचे तत्कालीन महत्त्व त्यातून स्पष्ट झाले. कोणा संशोधकाची योग्यता ठरविणे हा त्या मोजणीचा हेतू नव्हता. ती खरेदीसाठी केलेली मोजणी होती.

यूजीन गारफील्ड हेही मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी १९५५ मध्ये 'सायन्स'मध्येच विज्ञानासाठी उद्धरणसूची असावी अशी कल्पना मांडली. अमेरिकन वकील 'शेपर्ड्स सायटेशन्स' ही सूची १८७३ पासून वापरत होते. एखाद्या जुन्या निकालाचा पुढील निकालांत कसा उल्लेख झाला, तो ग्राह्य राहिला की बाद ठरला, हे तिच्यावरून कळत असे. वैज्ञानिकाच्या हाती असेच साधन यावे, आपण आधारासाठी घेत असलेल्या निबंधावर पुढे कोणी आक्षेप घेतला आहे का हे त्याला पाहता यावे, असा गारफील्ड यांचा विचार होता. 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चा पहिला संच १९६३ मध्ये निघाला. त्यात १९६१ मधील ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख उद्धरणे होती. प्रभावांकाची कल्पनाही या सूचीसाठी नियतकालिके निवडताना पुढे आली. १९७५ पासून त्याचे वार्षिक अहवाल निघू लागले. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक सुचविला, तेव्हा मात्र मोजणीचा रोख उघडपणे व्यक्तीकडे वळला. ग्रंथपालाचे साधन आस्थापना विभागाकडे गेले ते असे टप्प्याटप्प्याने.

उद्धरण नेमके काय सांगते, याचे सर्वांत ठळक उदाहरण रसायनशास्त्रातच आहे. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरील ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध आजवरच्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत अग्रस्थानी आहे. 'नेचर'ने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत त्याची उद्धरणे ३,०५,००० हून अधिक भरली होती. या निबंधाने जीवशास्त्रातील कोणतेही गूढ उकलले नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारी एक खात्रीची कृती त्याने दिली, आणि जो ती वापरतो तो संदर्भ देतो. विश्लेषणपद्धतीवरील निबंधाला लाभणारी उद्धरणे ही मुख्यतः वापराची नोंद असतात. वापर ही लहान गोष्ट नव्हे, पण तिला थोरवीचा पर्याय मानणे चूक ठरेल.

भागवत आणि सोहोनी

कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत १९३३ मध्ये प्रथम क्रमांक मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्यांनी सत्याग्रह करण्याची तयारी दाखविल्यावर वर्षभराच्या अटींवर तो दिला, हा प्रसंग मराठी वाचकांस परिचित आहे. त्या प्रसंगावर बरेच लिहिले गेले आहे. त्यामानाने त्यांच्या निबंधांकडे फार थोडे लक्ष गेले. चरित्रात्मक लेखनात सत्याग्रह येतो, बटाटा येतो, नीरा येते, परंतु निबंधांची नावे क्वचितच येतात.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. डाळींतील प्रथिनेतर नायट्रोजनविषयीचा त्यांचा संयुक्त निबंध १९३५ मध्ये 'बायोकेमिकल जर्नल' या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुढे केंब्रिज येथे डेरेक रिक्टर यांच्यासमवेत त्यांनी प्राणिज ऊतींतील फिनोलेज आणि अ‍ॅड्रेनलीन यांवर १९३८ मध्ये, तर ब्लाश्को व रिक्टर या दोघांसह अमाइन ऑक्सिडेज या एन्झाइमवर १९३९ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. आज मोनोअमाइन ऑक्सिडेज या नावाने ओळखले जाणारे हे एन्झाइम मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे विघटन करते. १९५० च्या दशकात त्याचे कार्य रोखणारे इप्रोनियाझिड हे औषध नैराश्यावर वापरले जाऊ लागले आणि या विषयावरील जुन्या निबंधांना नवे महत्त्व आले. रॉबिन हिल यांच्यासमवेत भागवत यांनी वनस्पतींतील श्वसनाचा अभ्यास केला. बटाट्यातील सायटोक्रोम-सीचा शोध हा याच कामाचा भाग. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजविषयीची हिल व भागवत यांची नोंद 'नेचर'मध्ये १९३९ साली आली. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा होता.

आता या लेखनाला उद्धरणसूचीचे माप लावून पाहावे. छापील 'सायन्स सायटेशन इंडेक्स'मध्ये उद्धृत निबंध त्याच्या प्रथम लेखकाच्या नावाखाली नोंदविला जात असे. अमाइन ऑक्सिडेजच्या निबंधात भागवत यांचे नाव प्रथम आहे, त्यामुळे त्याची उद्धरणे त्यांच्या नावाखाली सापडतात. 'नेचर'मधील नोंदीत हिल यांचे नाव प्रथम आहे. परिणामी ज्या शोधामुळे भारतात त्यांची कीर्ती झाली, त्याची उद्धरणे सूचीत हिल यांच्या नावाखाली जमा झाली. हिल यांचा यात काही दोष नाही. दोष असलाच तर तो जागा वाचविण्यासाठी केलेल्या एका छपाईच्या सोयीचा आहे.

दुसरी अडचण नावाचीच. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन कमलाबाई मुंबईला आल्या. त्यापूर्वी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या आणि यथावकाश, रखडलेल्या बढतीनंतर, त्या संस्थेच्या संचालक झाल्या. उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील हिल यांच्याबरोबरचा विस्तृत निबंध 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये १९५१ साली आला तो भागवत या नावाने, म्हणजे विवाहानंतर चार वर्षांनी. १९५४ पासूनचे मुंबईतील निबंध मात्र सोहोनी या नावाने आहेत. सूचीच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. एकीचे लेखन १९५१ च्या सुमारास थांबते, तर दुसरीचे त्यानंतर लगेच सुरू होते. दोघींची उद्धरणे एकत्र केल्याशिवाय कोणताही निर्देशांक खरा येणार नाही. आणि ती एकत्र करावयाची हे कळण्यासाठी संशोधिकेचे चरित्र ठाऊक असावे लागते. रोमन लिपीतील भेद हा आणखी एक घोळ. कमलाबाईंच्या निबंधांवर भागवत या नावाचे जे वर्णलेखन आहे, ते दुर्गाबाईंच्या इंग्रजी ग्रंथांवरील वर्णलेखनाहून वेगळे आहे. सख्ख्या बहिणींची आडनावेही यंत्राला वेगळी दिसतात.

रताळ्याची नोंद

तरीही कमलाबाईंच्या लेखनाचा सर्वांत दूरवर गेलेला माग केंब्रिजच्या कामातूनच निघावा अशी जी अपेक्षा असते ती पुरी होत नाही, आणि इथे उद्धरणसूचीचा खरा उपयोग दिसतो. ट्रिप्सिन हे प्रथिनांचे पचन करणारे एन्झाइम आहे. अनेक कडधान्यांत व कंदांत त्याचे कार्य रोखणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिन-प्रतिबंधक म्हणतात. उष्णतेने त्यांतील बहुतेक निष्प्रभ होतात, त्यामुळे डाळी-कडधान्ये शिजवून खाण्याच्या परंपरेला रसायनशास्त्राचाही आधार मिळतो. भारतीय अन्नपदार्थांतील अशा प्रतिबंधकांचा शोध घेणारी निबंधमाला सोहोनी आणि भांडारकर यांनी १९५४ पासून दिल्लीहून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च'मध्ये लिहिली. तिच्यात भाज्यांच्या तपासणीत रताळ्यातील प्रतिबंधकाची नोंद होती. रताळ्यावरील अधिक काम सोहोनी व होनावर यांनी १९५६ मध्ये कोलकात्याच्या 'सायन्स अँड कल्चर'मध्ये प्रसिद्ध केले.

ही दोन्ही भारतीय नियतकालिके. आजच्या प्रभावांकाच्या तराजूत त्यांचे वजन फार भरणार नाही. पण रताळ्याच्या कंदातील मुख्य साठवण-प्रथिनावर १९८० च्या दशकात जपानमध्ये संशोधन झाले, त्यास 'स्पोरामिन' हे नाव मिळाले आणि ते ट्रिप्सिन-प्रतिबंधकांच्या एका ज्ञात कुळातील असल्याचे दिसून आले. पुढे कीटकांना प्रतिकार करणारी पिके तयार करण्याच्या प्रयोगांत त्याचे जनुक तंबाखूच्या रोपात घालून पाहिले गेले. या विषयावरील परदेशी निबंधांच्या प्रस्तावनेत रताळ्यातील प्रतिबंधकाची पहिली नोंद म्हणून सोहोनी आणि भांडारकर, १९५४, हा निर्देश पुनःपुन्हा येतो. आहारातील एका घटकाची साधी तपासणी म्हणून लिहिलेली गोष्ट तीन-चार दशकांनी पीकसंरक्षणाच्या संशोधनाला उपयोगी पडली. 'नेचर'च्या मानाने अप्रसिद्ध पानांवरून ती तिथवर पोहोचली याचे श्रेय ते अंक जपणाऱ्या ग्रंथालयांना आणि मागील उल्लेख शोधून काढणाऱ्या चिकित्सक संशोधकांना द्यावे लागते.

याच्या उलट नीरेचे काम. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेतील पोषकद्रव्यांचा अभ्यास केला, आदिवासी किशोरवयीनांच्या आणि गर्भवतींच्या आहारात तिचा उपयोग तपासला आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ग्राहक संस्था. तिच्या त्या अध्वर्यूंपैकी होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या पत्रिकेत ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत. भेसळ ओळखण्याचे ज्ञान गृहिणीपर्यंत नेणे हे विश्लेषणात्मक रसायनशास्त्राचेच काम आहे. मात्र ते वाचून ज्याने तेल किंवा मसाला पारखून घेतला त्याने संदर्भसूची लिहिली नाही.

उद्धरण न मिळण्याचे आणखी एक कारण असते आणि ते विरोधाभासात्मक आहे. मुंबईत य. मा. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. तो आता जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. तो इतका सर्वज्ञात झाला की पाठ्यपुस्तकांत आणि रक्तपेढ्यांत त्याचा उल्लेख करताना मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी अशा लोपाची चर्चा केली आहे. काही वेळा उशीरही होतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांचा पटकीच्या विषाविषयीचा १९५९ चा 'नेचर'मधील निबंध दीर्घकाळ दुर्लक्षित होता. त्याकडे लक्ष वेधणारा लेख १९८६ मध्ये स्वतः गारफील्ड यांनी उद्धरणांच्याच आधारे लिहिला. त्याआधीच्या वर्षी डे यांचे निधन झाले होते.

जळगाव-धुळ्यातील हिशेब

अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची. प्रथम मुंबई, १९४९ नंतर पुणे आणि १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ अशी येथील संलग्नतेची वाटचाल आहे. १९९२ मध्ये शिरपूर आणि चोपडा येथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये निघाली आणि औषधांच्या विश्लेषणाचे शिक्षण तालुक्याच्या गावी पोहोचले. सोहोनी रताळे तपासत होत्या तेव्हा त्यांच्या हाताशी मुंबईची ग्रंथालये होती. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला ती सोय नव्हती, हे मान्य केल्याशिवाय येथील पूर्वीच्या निबंधसंख्येविषयी कोणतेही विधान करणे अन्यायाचे होईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले. नियतकालिकाचा प्रभावांक १ ते २ असल्यास १० वाढीव गुण, २ ते ५ असल्यास १५, ५ ते १० असल्यास २५ अशी त्यात तरतूद होती. महाविद्यालयांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके स्वस्तात उपलब्ध करून देणारी एन-लिस्ट ही योजनाही २०१० चीच. म्हणजे निबंध लिहिण्याची सक्ती आणि निबंध वाचण्याची सोय एकाच वर्षी दाराशी आली. या दोहोंत निदान एका दशकाचे अंतर असते, आणि सोय आधी आली असती, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचविलेल्या नियतकालिकांच्या तपासलेल्या नमुन्यातील ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली आणि वर्षअखेरीस 'केअर' यादीची घोषणा केली. ती यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली, आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. बहुविद्याशाखीय महाविद्यालयीन नियतकालिकांनाही ही गोष्ट जवळून लागू पडते.

१८ जुलै २०१८ च्या विनियमांत प्रभावांक नसलेल्या नियतकालिकासाठी ५ आणि १० हून अधिक प्रभावांक असलेल्यासाठी ३० वाढीव गुण आहेत. सोहोनी यांच्या कामाला हा हिशेब लावल्यास 'नेचर'मधील नोंद केवळ वाढीव गुणांत रताळ्याच्या नोंदीच्या सहापट ठरू शकते. वैज्ञानिक वाङ्मयाने त्यांचे केलेले मूल्यमापन इतके सरळ नाही, हे वर आलेच आहे. दोघांचा निबंध असल्यास प्रत्येकास ७० टक्के गुण मिळतात, त्यामुळे भागवत आणि भांडारकर या दोघांनाही छापील सूचीपेक्षा येथे न्याय मिळाला असता, हेही नोंदविले पाहिजे.

नावांचा प्रश्न तर खानदेशात विशेष तीव्र आहे. पाटील, चौधरी, महाजन या आडनावांच्या अध्यापकांची संख्या येथे इतकी आहे की, आडनाव आणि दोन आद्याक्षरे यांवर चालणाऱ्या कोणत्याही सूचीत एकाची उद्धरणे दुसऱ्याच्या खाती पडणे सहज शक्य आहे. विवाहानंतर नाव बदललेल्या अध्यापिकांच्या बाबतीत भागवत-सोहोनी प्रकरणाची पुनरावृत्ती होते. संस्थेचे नावही स्थिर राहत नाही. विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले आणि तेव्हापासून एकाच विभागातून निघालेले निबंध दोन पत्त्यांवर विभागले गेले. बहिणाबाईंच्या ओव्या टिकल्या त्या घरच्यांनी वेळीच लिहून घेतल्या म्हणून. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात नोंदींची अशी हेळसांड होऊ नये, इतकी अपेक्षा अवास्तव नाही.

ऑर्किड ही संशोधकाला कायम ओळखक्रमांक देणारी व्यवस्था ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध आहे. एकाच क्रमांकाखाली जुने आणि नवे नाव, जुना आणि नवा पत्ता त्यात जोडता येतो, आणि नोंदणीस शुल्क नाही. मात्र ही नोंदणी संशोधकाने स्वतः करावयाची असते. कमला सोहोनी १९९८ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या दोन नावांखालील निबंधांची एकत्रित सूची करावयाची तर ती 'बायोकेमिकल जर्नल', 'नेचर', 'न्यू फायटॉलॉजिस्ट' आणि मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या नियतकालिकांचे जुने खंड हाताने चाळूनच करावी लागेल. हे काम रसायनशास्त्राच्या विभागाला एकट्याने करता येण्याजोगे नाही. त्यासाठी ग्रंथपाल आणि इतिहासाचा अध्यापक यांना बरोबर घ्यावे लागेल.